खोलीत नसलेल्यांचा हिशेब

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. शाखांबाहेरच्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे साडेसहा हजार कोटी रुपयांच्या वर रक्कम, एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. त्या समूहाच्या ४४ खात्यांच्या जागी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली, असा आरोप झाला. पण आमच्या पेशातल्या माणसांना त्या दिवसांत सगळ्यात जास्त बोचलं ते एक साधं वाक्य. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं. बँक वाढत होती, ऑडिटरांकडे वेळ कमी असे, त्यामुळे सगळी खाती न तपासता ते नव्याने वाढलेली कर्जंच तेवढी पाहत, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता.

हे खरं की नुसता बचाव, ते ठरवणं न्यायालयाचं काम. पण एप्रिल महिन्यात बँकेच्या शाखेत बसून ऑडिट केलेल्या कोणालाही हे वाक्य अनोळखी वाटलं नसेल. फी आधीच ठरलेली, तारीख वरून आलेली, दोन आर्टिकल्स, एक पंखा आणि कपाटभर फायली. अशा वेळी कोणती फाइल उघडायची आणि कोणती तशीच राहू द्यायची, हा निर्णय तांत्रिक दिसतो. ऑडिटच्या भाषेत त्याला सॅम्पलिंग म्हणतात. त्यात नीतीचा प्रश्न दडलेला असतो, हे सहसा कोणी म्हणत नाही.

हे पुस्तक अशाच निर्णयांबद्दल आहे. घोटाळे कसे पकडावेत याची इथे चर्चा नाही. त्यासाठी भरपूर साहित्य आहे आणि इन्स्टिट्यूटची मानकंही आहेत. इथे विचारलेला प्रश्न वेगळा आहे. ऑडिटर सही करतो किंवा करायची नाकारतो, शेरा लिहितो किंवा गिळतो, तेव्हा तो स्वतःला कोणतं कारण देतो? आणि त्या कारणाची प्रत पाहण्यासाठी लॉरेन्स कोहलबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा नैतिक विकासाचा सिद्धांत आपल्या किती कामाचा आहे?

कोहलबर्गने १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. त्याआधी ज्याँ पियाजेने गोट्या खेळणाऱ्या मुलांना खेळाच्या नियमांबद्दल विचारून मुलांची नैतिक समज कशी वाढते यावर १९३२ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. कोहलबर्गने तोच धागा पुढे नेला. शिकागो परिसरातल्या दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या ७२ मुलांना त्याने पेचाच्या गोष्टी सांगितल्या. त्यातली हाइन्झची गोष्ट बी.एड. केलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी परीक्षेत लिहिलेली असते. बायको कर्करोगाने मरणाच्या दारात, औषध एकाच दुकानदाराकडे. बनवायला त्याला २०० डॉलर लागतात, मागतो २,०००. हाइन्झने उसनवारी करून १,००० जमवले, दुकानदार ऐकत नाही. मग हाइन्झ दुकान फोडतो. बरोबर केलं का?

मुलगा हो म्हणतो की नाही, याला कोहलबर्गच्या लेखी महत्त्व नव्हतं. ‘का?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देतो, ते तो टिपून घेत होता. त्या उत्तरांतून त्याने तीन स्तर आणि सहा टप्पे मांडले. पूर्वसांकेतिक स्तरावर माणूस शिक्षा चुकवतो, नाहीतर देवाणघेवाण बघतो. सांकेतिक स्तरावर आधी आपल्या माणसांच्या नजरेत चांगलं राहायचं असतं, पुढे कायदा आणि व्यवस्था पाळायची असते. उत्तरसांकेतिक स्तरावर तो कायद्याच्या मागे जाऊन विचारतो, की हा नियम कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या भल्यासाठी केला आहे. सहावा टप्पा हा वैश्विक तत्त्वांचा. तो प्रत्यक्ष माणसांत इतका क्वचित आढळला, की गुण देण्याच्या पद्धतीतून पुढे कोहलबर्गनेच तो गाळून टाकला. ऑडिटरांना याचं वाईट वाटायचं कारण नाही. पाचव्यापर्यंत पोचलो तरी खूप झालं.

या जिन्याकडे आणखी एका तऱ्हेने पाहता येतं, आणि या पुस्तकाला तेच पाहणं महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक टप्प्यावर हिशेबात धरलेल्या माणसांची संख्या वाढत जाते. पहिल्यावर फक्त मी असतो. दुसऱ्यावर मी आणि समोरचा. तिसऱ्यावर माझ्या ओळखीची, मला नावाने हाक मारणारी माणसं. चौथ्यापासून मला कधीच न भेटलेली माणसंही येऊ लागतात. ऑडिटचा सगळा पेच इथेच आहे. ज्यांच्यासाठी ऑडिट होतं ते ठेवीदार, भागधारक, सभासद त्या खोलीत नसतात. जे खोलीत असतात, ते चहा मागवतात, फी देतात आणि पुढच्या वर्षीची नेमणूक ठरवतात.

एक प्रसंग जवळून पाहू. तो रचलेला आहे, पण पतसंस्थेचं ऑडिट केलेल्यांना रचलेला वाटणार नाही.

तालुक्याच्या गावातली पतसंस्था. आर्टिकलशिप करणारी मुलगी ३१ मार्चची कीर्द चाळते आहे. त्या एका दिवशी अकरा थकीत कर्जं पूर्ण फिटलेली दिसतात आणि रोख एक रुपयाही आलेला नाही; सगळं ट्रान्सफर व्हाउचरवर. त्याच दिवशी अकरा नवी कर्जं दिलेली. आडनावं जुन्या कर्जदारांचीच, पहिली नावं बायकोची, भावाची, एका ठिकाणी शेतावरच्या गड्याचं. तारण तेच, गट नंबरसुद्धा बदललेला नाही. ती कर्जमागणीचे अर्ज मागवते. अकराही अर्जांवर सही सोडून बाकी सगळं हस्ताक्षर एकच, आणि तेच हस्ताक्षर समोरच्या टेबलावर बसलेल्या क्लार्कच्या रजिस्टरात आहे.

“सर, हे नवं-जुनं केलंय,” ती दुपारच्या डब्याच्या वेळी हळूच सांगते.

सरांना नवल वाटत नाही. “किती होतंय सगळं मिळून?” ते विचारतात. आकडा ऐकून चपातीचा तुकडा हातातच राहतो. ही कर्जं थकीत धरली आणि तरतूद करायला लावली, तर नफा जाऊन तोटा येईल. लाभांश बंद. ऑडिट वर्ग ‘अ’चा ‘क’ होईल. त्यापुढे जाऊन याला गैरव्यवहार म्हटलं, तर सहकार कायद्याप्रमाणे निबंधकाकडे विशेष अहवाल द्यावा लागेल, आणि पुढे पोलिसांत तक्रारही. अध्यक्ष सरांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढत होते.

आता सर काय करतात, ते थोडा वेळ बाजूला ठेवू. कारणं ऐकू. ‘उद्या चाचणी लेखापरीक्षण लागलं तर माझं नाव पॅनेलवरून जाईल’ हे एक कारण. त्यात सरांशिवाय कोणी नाही. ‘ही संस्था गेली तर त्यांच्या ओळखीने मिळालेली दोन दूधसंघांची कामंही जातील’ हे दुसरं. इथे सर आणि अध्यक्ष आहेत. ‘अध्यक्ष माणूस देव आहे, संस्था त्यांनी घाम गाळून उभी केली, एका वर्षाच्या अडचणीपायी त्यांना उघडं पाडणं बरं नव्हे’ हे तिसरं. ते सगळ्यात घातक, कारण ते सद्गुणासारखं दिसतं. कृतज्ञता, जिव्हाळा, शब्द पाळणं या गोष्टी आपण मुलांना शिकवतो. ऑडिटरच्या खुर्चीत बसल्यावर त्यांची धार उलटी फिरते. आजवर पाहिलेल्या मिळमिळीत अहवालांपैकी फार थोडे पैसे खाऊन लिहिलेले असावेत. बहुतेक भिडेपोटी लिहिलेले असतात.

चौथं कारण: ‘मानकात आणि निबंधकांच्या परिपत्रकात जे सांगितलंय, ते मी करणार.’ इथे पाया पक्का लागतो. कायदा हजर असतो आणि कायद्याच्या मागे समाज. पण या टप्प्याला दोन चेहरे आहेत. एक ऑडिटर नियम पाळतो, कारण त्या नियमामुळे कोणाचं तरी रक्षण होतं. दुसरा नियम पाळतो, कारण त्यामुळे त्याचं स्वतःचं रक्षण होतं. हा दुसरा चेकलिस्टवर टिक मारतो, व्यवस्थापनाकडून ‘सर्व कर्जे नियमित आहेत’ असं लेखी घेतो, ते वर्किंग पेपरला लावतो आणि सही करतो. फाइल निर्दोष असते. भाषा चौथ्या टप्प्याची, हेतू पहिल्याचा. फाइल तपासणाऱ्याला हे कळत नाही. कारण विचारलं तरच कळतं.

पाचव्या टप्प्यावर प्रश्न सुटतो असं नाही, पण वेगळा दिसू लागतो. संस्थेच्या खतावणीत ठेवींच्या बाजूला शंभर रुपये रोजची पिग्मी भरणारा टपरीवाला आहे, निवृत्तीचे पैसे ठेवलेली बालवाडीची बाई आहे. दर महिन्याला व्याज घ्यायला त्या येतात आणि काउंटरवरच्या पोराला आशीर्वाद देऊन जातात. त्यांनी संस्थेवर विश्वास ठेवला तो दारावरच्या ‘ऑडिट वर्ग अ’ या पाटीमुळे. ती पाटी सरांच्या सहीने लागते. मग सर ज्यांच्याशी करारात आहेत, ते नक्की कोण?

शिकागो शहराचं या कथेत आणखी एक स्थान आहे. कोहलबर्गच्या प्रबंधाच्या पंचेचाळीस वर्षं आधी, १९१३ मध्ये, त्याच शहरात आर्थर अँडरसन या गृहस्थाने हिशेबतपासणीची फर्म काढली. पुढच्याच वर्षी एका रेल्वे कंपनीने मनासारखा ताळेबंद मंजूर करून मागितला. अठ्ठावीस वर्षांच्या अँडरसनने नकार दिला, शिकागोतला सगळा पैसा आणला तरी जमणार नाही अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि क्लायंट गमावला. फर्ममध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली जाई. त्याच फर्मने २००० मध्ये एनरॉनकडून ऑडिटपोटी अडीच कोटी डॉलर आणि सल्ल्यापोटी दोन कोटी सत्तर लाख डॉलर फी घेतली. दाभोळ प्रकल्प घेऊन आपल्या गुहागरला आलेली तीच ही एनरॉन. अँडरसनच्याच तांत्रिक मानकं पाहणाऱ्या विभागातल्या कार्ल बास यांनी एनरॉनच्या हिशेबांना हरकत घेतली. २००१ च्या सुरुवातीला त्यांना एनरॉनच्या कामातून बाजूला करण्यात आलं. कारण क्लायंट नाराज होता.

त्या ऑक्टोबरमध्ये चौकशीची चाहूल लागली, तेव्हा फर्मच्या वकिलाने सहकाऱ्यांना कागदपत्रं ठेवण्याबद्दलच्या धोरणाची आठवण करून देणारा ई-मेल पाठवला. जुने, अनावश्यक कागद नष्ट करावेत असं ते धोरण सांगत होतं. पाठोपाठ ह्यूस्टन कार्यालयात कागद फाडणारी यंत्रं सुरू झाली. धोरण आधीपासून होतं, लेखी होतं, त्यात बेकायदा शब्द नव्हता. जून २००२ मध्ये फर्म दोषी ठरली, आणि ३१ मे २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली. ज्युरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या, हे कारण. तोवर जगभर सुमारे पंच्याऐंशी हजार माणसं असलेली फर्म संपून गेली होती. नियमाचा दुसरा चेहरा कसा असतो, हे याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला ठाऊक नाही.

कोहलबर्गच्या चौकटीने प्रत्यक्ष ऑडिटरांना मोजण्याचं काम मुख्यतः १९८० नंतर अमेरिकेत झालं. त्यासाठी जेम्स रेस्ट यांची चाचणी वापरली गेली. काही पेचप्रसंग द्यायचे, प्रत्येकासोबत बारा मुद्दे द्यायचे आणि त्यातले कोणते महत्त्वाचे वाटतात ते क्रमाने लावायला सांगायचं. तत्त्वाधारित मुद्द्यांना किती वजन दिलं, त्यावरून गुण. लॅरी पोनेमन यांनी १९९० आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी या पेशाला चांगलाच चिमटा काढला. ऑडिट फर्ममध्ये हे गुण सुपरवायझर पदापर्यंत वाढताना दिसले आणि मॅनेजर-पार्टनर पदांवर पुन्हा घसरलेले. बढती देणाऱ्यांना आपल्यासारखा विचार करणारी माणसं आवडतात, वेगळा विचार करणारी एकतर सोडून जातात किंवा जुळवून घेतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात हेच चित्र तसंच्या तसं आलेलं नाही, आणि अमेरिकन फर्मवरून नाशिक-सोलापूरच्या फर्मबद्दल बोलणं धाडसाचं आहे. तरी ज्येष्ठतेबरोबर शहाणपण आपोआप येतं, या आपल्या लाडक्या समजुतीला त्याने धक्का बसायला हरकत नाही.

पोनेमन यांचाच आणखी एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विषय अगदी क्षुल्लक: कामाला लागलेले तास टाइमशीटवर कमी दाखवणं. कमी गुण असलेले ऑडिटर हे जास्त करताना आढळले. यात क्लायंटचं नुकसान नाही, कोणाचा पैसा बुडत नाही. उलट ज्युनिअर रात्री जागून फुकट काम करतो. मग बिघडतं काय? चाळीस तासांचं काम तीसमध्ये झालं असं कागदावर दिसतं. पुढच्या वर्षीचं बजेट तीस तासांचं लागतं. त्या वर्षीचा ज्युनिअर तीसमध्ये बसवायला निघतो आणि काही फायली उघडतच नाही. त्या फायलींत नवं-जुनं असेल, तर तो पेच कोणापुढे येतच नाही.

इथे रेस्ट यांनी पुढे केलेली मांडणी उपयोगी पडते. त्यांच्या मते नैतिक कृतीला चार गोष्टी लागतात: प्रसंगात नीतीचा प्रश्न आहे हे जाणवणं, योग्य काय ते ठरवणं, बाकीच्या हितांपेक्षा त्याला वर ठेवणं, आणि शेवटपर्यंत टिकणं. कोहलबर्गचा सगळा सिद्धांत यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. पतसंस्थेतल्या मुलीने अकरा अर्जांवरचं हस्ताक्षर ओळखलं, ही पहिली. ती ओळख पटली नसती, तर सरांचा टप्पा कोणता हा प्रश्नच उद्भवला नसता. सरांना योग्य काय ते बहुधा चपातीचा तुकडा हातात असतानाच कळलं होतं. त्यांचं अडतं ते तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीवर. म्हणून या पुस्तकातले प्रसंग वाचताना कोणता टप्पा एवढंच शोधत बसू नये. अडलं कुठे, हेही बघावं.

कोहलबर्गच्या चौकटीवर सगळ्यात गाजलेला आक्षेप कॅरोल गिलिगन यांचा. १९८२ मध्ये त्यांनी म्हटलं, की न्याय आणि हक्क यांच्या भाषेत बोलणाऱ्याला कोहलबर्ग वरच्या पायरीवर बसवतो, आणि नात्यांची, काळजीची, कोणाला दुखापत होईल याची भाषा बोलणाऱ्याला खालच्या. त्याने अभ्यासलेली मूळ मुलं म्हणजे सगळे मुलगेच होते, हेही त्यांनी दाखवून दिलं. वर मी भिडेला घातक म्हटलं आहे, त्यामुळे गिलिगन यांचा आक्षेप मला सोयीचा नाही. पण ऑडिटमधला खरोखरच अवघड पेच त्यांच्या भाषेशिवाय नीट मांडताच येत नाही.

तो पेच असा. एखाद्या बँकेचं भवितव्य डळमळीत आहे. संस्था पुढे चालू राहील की नाही याबद्दल मोठी अनिश्चितता असेल, तर ऑडिटरने तसं अहवालात सांगावं, असं मानक ५७० म्हणतं. पण बँकेच्या बाबतीत ते वाक्य छापणं म्हणजे दुसऱ्या दिवशी दारात रांग लावणं. न लिहिलं असतं तर कदाचित वर्षभरात भांडवल उभं राहिलं असतं, विलीनीकरण झालं असतं. लिहिल्यामुळे जी माणसं पोळतील, ती तीच, ज्यांच्यासाठी आपण लिहितो आहोत. २०१९ मध्ये ठेवींवरचं विम्याचं संरक्षण एक लाखाचं होतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांचं झालं. त्यावरची रक्कम ठेवीदाराच्या नशिबावर. अशा वेळी ‘नियमात आहे म्हणून लिहिलं’ हे उत्तर कोरडं वाटतं, आणि ‘त्यांची काळजी म्हणून लिहिलं नाही’ हे उत्तर लगेच संशयास्पद होतं, कारण संचालक मंडळालाही अगदी हेच हवं असतं. माझं मत लिहिण्याच्या बाजूचं आहे. लपवलेल्या वर्षभरात जाणते ठेवीदार कुणकुण लागून पैसे काढून घेतात आणि मागे राहतात ते न जाणणारे. म्हणजे काळजीच्या नावाखाली आपण कोणाला तरी निवडलेलं असतंच. पण याच्या उलट मत असलेल्या दोन अनुभवी ऑडिटरांशी माझा वाद झाला आहे, आणि त्यांना मी तिसऱ्या टप्प्यावर ढकलू शकत नाही.

राजीनाम्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो सभ्य मार्ग समजला जातो. क्लायंटशी पटलं नाही की ‘कामाच्या व्यापामुळे’ असं कारण देऊन रामराम ठोकायचा. सही केली नाही, म्हणजे हात स्वच्छ. २०१८ मध्ये काही सूचिबद्ध कंपन्यांच्या ऑडिटरांनी निकालाच्या तोंडावर पदं सोडली, त्याची बरीच चर्चा झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेबीने परिपत्रक काढून राजीनामा देणाऱ्याने निदान त्या तिमाहीचा अहवाल देऊनच जावं असं बंधन घातलं. कंपनी कायद्याच्या कलम १४३(१२) प्रमाणे एक कोटी किंवा त्याहून मोठा घोटाळा दिसला, तर ऑडिटरने तो केंद्र सरकारला कळवायचा असतो. राजीनामा दिल्याने ही जबाबदारी टळत नाही, असं राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केलं. नियमांना इतकं मागे लागावं लागलं, यावरूनच राजीनाम्यामागची कारणं कोणत्या टप्प्याची असत, ते दिसतं. निघून जाणाऱ्याने स्वतःला मोजलं, क्लायंटलाही मोजलं. बाहेरच्याला मात्र ‘कामाचा व्याप’ यापलीकडे काही कळलं नाही.

या सिद्धांताचा एक गैरवापर टाळावा, ही विनंती. तो माणसांना पायऱ्यांवर उभं करण्यासाठी नाही. एकच ऑडिटर मोठ्या कंपनीपुढे ताठ असतो आणि मेहुण्याच्या ट्रस्टपुढे वाकतो. खुद्द कोहलबर्ग तरुणपणी ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून ज्यू निर्वासितांना पॅलेस्टाइनकडे नेणाऱ्या जहाजावर काम करत होता, आणि जहाजातले निर्वासितांसाठीचे पलंग म्हणजे केळी ठेवायची मांडणी आहे, असं तपासनिसांना सांगितलं गेलं होतं. तपासणाऱ्याला फसवणाऱ्या जहाजावरच्या माणसाचा सिद्धांत आपण तपासणाऱ्यांना शिकवतो आहोत, हे वाचकाने गमतीने लक्षात ठेवावं. तपासनिसाने तिथे काय करायला हवं होतं, यावर एक प्रकरण सहज होईल.

पुढचे प्रसंग तीन ठिकाणचे आहेत: सहकारी संस्था, बँक शाखा आणि मध्यम आकाराच्या खासगी कंपन्या. बड्या सूचिबद्ध कंपन्यांचे प्रसंग मुद्दाम कमी ठेवले आहेत. त्यांच्या ऑडिटरांवर आता प्राधिकरणाची नजर आहे, मोठ्या फर्ममध्ये दुसऱ्या पार्टनरकडून फेरतपासणी होते. तालुक्याच्या गावात एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला विचारायला कोणी नसतं. ज्याच्याशी बोलावं असा एकमेव व्यावसायिक मित्र त्याच पॅनेलवर असतो आणि नेमणुकीसाठी त्याच दारात उभा असतो. प्रत्येक प्रसंगाखाली काय घडलं ते दिलं आहे, पण पान उलटून. उत्तर बरोबर की चूक हे कुठेच दिलेलं नाही.

हे प्रसंग एकट्याने वाचण्यापेक्षा ऑफिसात, शनिवारी संध्याकाळी, आर्टिकल मुलांना सोबत घेऊन वाचावेत. आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. त्या दोन वर्षांत मुलं व्हाउचिंग, जीएसटी, आयकराची पोर्टलं शिकतात आणि सरांनी कुठे मान डोलावली, हे न शिकवता शिकतात. प्रत्येकाने आधी आपलं कारण चार ओळींत कागदावर लिहावं, मग बोलावं. सुरुवात सगळ्यांत नव्या मुलाने करावी आणि पार्टनरने अगदी शेवटी बोलावं. ते आधी बोलले, तर बाकीच्यांच्या कागदावर त्यांचंच कारण उतरेल.